साखरपुड्यासाठी वापरलेली हिऱ्याची अंगठी घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका तरुणाला साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे आणि त्याच्या हाताशी सगळे मिळून साठ हजार रुपये आहेत. ओळखीतल्या एका काकूंनी २०१२ साली घेतलेली अंगठी विकायला काढली आहे. पावतीवर ‘१८ कॅरट, एकूण वजन ४.१०० ग्रॅम, डायमंड ०.५० कॅरट, एकूण रुपये ६८,०००’ एवढेच लिहिलेले आहे. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नाही. सोने तेव्हापासून कितीतरी वाढले असल्यामुळे काकू ८०,००० मागत आहेत आणि ७५,००० पर्यंत उतरतील असा अंदाज आहे. छायाचित्रात मधोमध एक मोठा खडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार चार बारीक खडे दिसतात. अंगठी घ्यावी का, घ्यायची तर कितीला आणि काय काय तपासून, असे विचारले आहे.

मी मुंबईच्या ऑपेरा हाऊस या हिरेबाजारातल्या एका पेढीत हिरे निवडण्याच्या टेबलावर सुरुवात केली आणि गेली काही वर्षे जुन्या दागिन्यांचे मूल्यांकन करतो. त्या अनुभवावरून सांगतो की ७५,००० ला ही अंगठी घेऊ नये. खडे नैसर्गिक निघाले आणि मधल्या खड्याला इजा नसेल, तर ४५,००० च्या आत मिळाल्यास ती जरूर घ्यावी. हा आकडा कसा आला ते सविस्तर लिहितो, कारण काकूंशी बोलताना तुम्हाला तो हिशेब मांडून दाखवावा लागेल आणि ओळखीच्या माणसाशी घासाघीस करताना कागदावरचा हिशेब असला की कोणाचे मन दुखावत नाही.

आधी पावती उलगडू. एकूण वजनात खड्यांचे वजनही धरलेले असते. हिऱ्याच्या वजनात एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा अर्धा कॅरट हिऱ्यांचे ०.१०० ग्रॅम वजा जाता निव्वळ सोने ४.००० ग्रॅम उरते, आणि अठरा कॅरटमध्ये शुद्ध सोने पंचाहत्तर टक्के असल्यामुळे अंगठीतले शुद्ध सोने होते ३.००० ग्रॅम. २०१२ साली दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे ६८,००० च्या त्या अंगठीत सोने होते जेमतेम नऊ हजारांचे. उरलेले एकोणसाठ हजार हिरे, घडणावळ, कर आणि दुकानाचा नफा यांत गेले. सोने वाढले हे काकूंचे म्हणणे खोटे नाही, पण ते त्या नऊ हजारांपुरतेच खरे आहे. हिशेब सोपा जावा म्हणून आजचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरला, तर सोन्याचा भाग तीस हजारांचा होतो. (सौदा ठरेल त्या दिवशीचा खरा भाव घालून हीच आकडेमोड पुन्हा करावी.) घडणावळ आणि कर हे पैसे २०१२ सालीच संपले, ते आता कोणीही परत देत नाही. हिऱ्यांचे मात्र सोन्यासारखे झालेले नाही. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेत बनवलेले हिरे बाजारात आल्यापासून लहान आणि मध्यम आकाराच्या नैसर्गिक हिऱ्यांचे भाव उतरलेले आहेत.

हीच अंगठी काकू सराफाकडे मोडीत घालायला घेऊन गेल्या तर काय होईल, तेही समजून घ्या. सराफ सोने तपासतो, घट धरतो, आणि खड्यांचे वजन वजा करतो. बारीक खड्यांचे वजन तर जाते, पण मोल बहुतेक ठिकाणी शून्य धरले जाते. मधल्या खड्याला काही देईल, पण प्रमाणपत्र नसेल तर हात आखडून देईल. सोनेतारण कर्ज देणाऱ्या संस्थाही खड्यांचे वजन वजा करूनच कर्ज देतात. वापरलेल्या हिऱ्याची स्वस्ताई येते ती इथून. हिरा झिजतो म्हणून त्याची किंमत पडत नाही, तर विकणाऱ्या सामान्य माणसाला गिऱ्हाईक नसते म्हणून पडते. काकूंना सराफ देईल त्याहून चार पैसे जास्त आणि तुम्हाला दुकानात नव्यासाठी मोजावे लागतील त्याहून बरेच कमी, या दोन आकड्यांच्या मध्ये सौदा व्हायला हवा. म्हणून काकूंना आधी दोन सराफांकडे विक्रीचा भाव विचारून यायला सांगा. हे सुचवताना संकोच वाटेल, पण ७५,००० वरून बोलणी खाली आणण्याचा याहून सौम्य मार्ग मला ठाऊक नाही.

आता ‘डायमंड ०.५० कॅरट’ या शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते या सौद्यातली खरी मेख तिथेच आहे. पावतीवर हा आकडा सर्व खड्यांच्या बेरजेचा असतो. वाचणारा मात्र तो मधल्या खड्याचा समजतो, आणि पुढे इतक्या वर्षांत घरातले सगळेच ‘अर्ध्या कॅरटची अंगठी’ म्हणू लागतात. यात कोणी फसवले असे नाही. सवयीने झालेली चूक आहे. तुमच्या छायाचित्रात मी पट्टी लावून पाहिली. बारीक खड्याचा व्यास मधल्या खड्याच्या व्यासाच्या चाळीस टक्क्यांच्या थोडा पुढे जातो. चांगल्या प्रमाणातला गोल हिरा अर्ध्या कॅरटचा असेल तर त्याचा व्यास साधारण ५.१ मिलिमीटर असतो. त्याच्या चाळीस टक्के म्हणजे दोन मिलिमीटरचे बारीक खडे, ते प्रत्येकी तीन सेंटच्या (एक सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) आसपास, आणि आठांचे मिळून पाव कॅरट. मग पावतीवर ०.५० ऐवजी ०.७५ असायला हवे होते. याउलट मधला खडा ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे तीस सेंटचा धरला, तर बारीक खडे १.८ मिलिमीटरचे, प्रत्येकी सव्वादोन ते अडीच सेंटचे, आणि आठांचे अठरा ते वीस सेंट होतात. बेरीज पन्नासला येऊन मिळते. तेव्हा हा खडा तीस सेंटचा असावा, अशी माझी जवळपास खात्री आहे.

छायाचित्रावर विसंबण्याचे कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा डिजिटल कॅलिपर घेऊन काकूंच्या घरी जा, आणि दोन काट्यांच्या मधून, म्हणजे खडा धरणाऱ्या सोन्याच्या नख्यांना टाळून, मधल्या खड्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. खालून अंगठी उघडी असेल तर खोलीही मोजता येते. गोल हिऱ्यासाठी आमच्याकडे एक जुना हिशेब आहे: व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.००६१. व्यास ४.३ आणि खोली २.६५ मिलिमीटर आली तर १८.४९ गुणिले २.६५ गुणिले ०.००६१, म्हणजे ०.२९९ कॅरट. जडलेल्या खड्याचे हे वजन अंदाजाचे असते, कारण कमरेचा, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद भागाचा, काठ जाड असला की दोनचार टक्क्यांचा फरक पडतो. पण तीस सेंट की पन्नास सेंट, हा प्रश्न कॅलिपर एका मिनिटात निकालात काढतो.

वीस सेंटचा फरक दिसायला किरकोळ वाटेल. हिऱ्याचा कॅरटमागचा भाव वजनाबरोबर पायऱ्या चढत जातो. घाऊक व्यापारात १९७८ पासून चालत आलेल्या रॅपापोर्टच्या दरपत्रकात तीस ते एकोणचाळीस, चाळीस ते एकोणपन्नास, पन्नास ते एकोणसत्तर सेंट असे वेगवेगळे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात कॅरटचा दर बदलतो. म्हणून तीस सेंटचा एक आणि अडीच सेंटचे आठ खडे मिळून वजन अर्धा कॅरट भरले, तरी त्यांची किंमत अर्ध्या कॅरटच्या एका खड्याच्या जवळपासही जात नाही.

त्यावरून माझा हिशेब असा. सोने तीस हजार. मधल्या खड्यासाठी, त्याच वजनाचा, रंगाचा आणि शुद्धतेचा प्रमाणपत्रासह नवा नैसर्गिक खडा आज दुकानात कितीला मिळतो हे दोन ठिकाणी विचारा. समजा तो पंचवीस हजार निघाला, तर प्रमाणपत्र नसलेल्या वापरलेल्या खड्याला मी दहा ते बारा हजार देईन. आठ बारीक खड्यांचे दोन हजार. एकूण बेचाळीस ते चव्वेचाळीस हजार. याला ४५,००० म्हणावे आणि उरलेल्या पंधरा हजारांतून तपासणी, दुरुस्ती आणि अंगठीचे माप बदलण्याचा खर्च भागवावा. तंगीच्या वेळी माणूस तपासणीचे पैसे वाचवायला जातो. मी उलट सांगेन की तपासणीचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरतील त्यात खडा बसवावा.

खडा हिराच आहे का, आणि हिरा असल्यास जमिनीतला की यंत्रातला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. लोक ते एकच समजतात आणि गोंधळ होतो. पहिल्याचे उत्तर बरेचसे सोपे आहे. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्यूबिक झिरकोनिया १९७६ च्या सुमारास बाजारात आला. तो त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जास्त जड असतो, उष्णता वाहून नेत नाही, आणि सराफाकडच्या पेनासारख्या टेस्टरवर लगेच पकडला जातो. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा कृत्रिम खडा मात्र उष्णतेच्या टेस्टरला चकवतो. त्यासाठी वीजवहन तपासणारा टेस्टर लागतो, किंवा दहापट भिंगातून खड्याच्या वरच्या बाजूच्या तिरप्या पैलूंमधून खाली पाहावे लागते; मॉइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरी. फुंकर मारून वाफ किती वेळात जाते ते पाहणे, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरे दिसतात का ते पाहणे, या घरगुती युक्त्या जडलेल्या आणि तेलकट खड्यावर काहीच सांगत नाहीत. तसेही हिऱ्याला तेलाची ओढ फार. इतकी वर्षे हातात राहिलेली अंगठी मागच्या बाजूने साबण आणि स्निग्धतेने माखलेली असते. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मऊ ब्रशने धुतल्याशिवाय तिच्याबद्दल कोणतेही मत बनवू नका, चांगले किंवा वाईट.

दुसऱ्या प्रश्नाला भिंग उपयोगी नाही. सीव्हीडी (वायूतून थर चढवण्याच्या) किंवा एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णतेच्या) पद्धतीने यंत्रात बनवलेला हिरा रासायनिक दृष्ट्या हिराच असतो. तो उष्णतेच्या टेस्टरवर हिरा म्हणूनच उत्तीर्ण होतो, आणि माझ्यासारखा माणूसही डोळ्यांनी पाहून खात्री देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. नैसर्गिक हिऱ्यांपैकी फारच थोडे टाइप टू-ए या नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या वर्गात मोडतात, तर रंगहीन सीव्हीडी हिरे त्याच वर्गातले असतात. यंत्रे हा फरक आणि अतिनील किरणांखालची चमक टिपतात. जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेच्या आयडी१०० सारखे यंत्र जडलेल्या खड्यालाही ‘पास’ किंवा ‘रेफर’ असे उत्तर काही सेकंदांत देते. ‘रेफर’ म्हणजे बनावट नव्हे. खडा पुढच्या तपासणीला द्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

पावती २०१२ ची आहे, तेव्हा प्रयोगशाळेतले हिरे होते कुठे, असे काकू म्हणतील. त्यात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. त्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्प या हिरेव्यापाराच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत नैसर्गिक म्हणून आलेल्या मालात सीव्हीडी हिरे शेकड्यांनी सापडले होते आणि सगळा व्यापार हादरला होता. त्याहून मोठी शक्यता पुढच्या काळातली आहे. मधल्या वर्षांत एखादा खडा सैल होऊन पडला असेल, कोणी तरी कारागिराने दुसरा बसवला असेल, आणि घरात कोणाला ते आठवतही नसेल. पावती अंगठीची असते. आज तिच्यात बसलेल्या खड्याविषयी ती काही बोलत नाही.

याचे एक उदाहरण माझ्या टेबलावरचे आहे. गिरगावातल्या एका आजींनी सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या मूल्यांकनासाठी आणल्या. प्रत्येकी सात, असे चौदा खडे, बंद कोंदणात जडलेले, मागे सोन्याचा पत्रा. मी दिवा घालवून अतिनील टॉर्च धरला. तीन खडे निळसर उजळले, एक किंचित पिवळट, बाकीचे काळोखातच राहिले. हे पाहून मला बरे वाटले. जमिनीतून वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेले खडे असेच वागतात, आणि जर चौदाच्या चौदा एकसारखे उजळले असते तर मीच साशंक झालो असतो. मग भिंग लावले. उजव्या कुडीतला खालचा एक खडा वेगळा दिसला. बाकीच्या तेरांच्या पैलूंच्या कडा अजून सुरीसारख्या होत्या. याच्या कडा खडीसाखर चघळल्यावर होतात तशा गोलसर झालेल्या होत्या, आणि वरच्या सपाट पैलूवर ओरखड्यांचे जाळे होते. काच होती. कधी काळी दुरुस्तीला दिल्यावर कोणी तरी बसवलेली, आणि खाली चकचकीत डाक (पातळ पत्रा) घातलेली, त्यामुळे लांबून सगळे सारखेच झगमगत. आजींना ते सांगताना मला कठीण गेले, पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तरीच ती कुडी थंडीत कानाला कमी गार लागायची.” तेवढ्याशा खड्यामुळे कानाला फरक कळेल असे मला वाटत नाही, पण मी वाद घातला नाही. तेरा खड्यांची किंमत लिहून दिली.

तुमच्या अंगठीतही नऊच्या नऊ खडे एकेक करून पाहायचे आहेत. नोटा तपासायला वापरतात तसला अतिनील टॉर्च अंधारात धरा आणि काय दिसले ते लिहून ठेवा. निर्णय त्यावर घ्यायचा नाही. निर्णय प्रयोगशाळेवर सोडायचा. जीआयएची प्रयोगशाळा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आयजीआय या हिरे तपासणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्याही सोयी मुंबईत आहेत, आणि रत्न व दागिने निर्यात परिषदेने १९७१ साली सुरू केलेली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही जुनी संस्थाही मुंबईतच आहे. शुल्क, आणि जडलेला दागिना घेतात की सुटा खडाच लागतो, हे आधी फोन करून विचारा. जडलेल्या खड्याचा रंग आणि वजन अंदाजाने लिहिले जाते. तीस सेंटच्या खड्यासाठी तो सुटा काढून पूर्ण श्रेणीचे प्रमाणपत्र करून घेणे मला खर्चाच्या मानाने पटत नाही. नैसर्गिक आहे आणि त्याच्यावर भेग भरण्यासारखा काही उपचार केलेला नाही, एवढे लेखी मिळाले तरी पुरे. पन्नास सेंटच्या पुढचा खडा असता तर मी उलटा सल्ला दिला असता.

अंगठी तपासायला न्यायची कशी, हा नाजूक प्रश्न आहे. सर्वांत उत्तम म्हणजे काकू स्वतः किंवा त्यांच्या घरचे कोणी बरोबर येऊ द्या. ते शक्य नसेल तर आमच्या व्यापारातली जांगडाची पद्धत वापरा. जांगड म्हणजे माल पाहण्यासाठी घेतला, विकत घेतला नाही; पैसे चुकते होईपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. एका कागदावर लिहा: ‘आज अमुक तारखेस पिवळ्या सोन्याची अंगठी एक, एकूण वजन ४.१०० ग्रॅम, मध्ये एक गोल खडा व बाजूस आठ बारीक खडे, फक्त तपासणीसाठी घेतली. तीन दिवसांत आहे त्या स्थितीत परत करीन.’ दोघांच्या सह्या, आणि मधल्या खड्याचे जवळून काढलेले छायाचित्र दोघांच्याही फोनमध्ये. खड्यात एखादा काळा ठिपका किंवा पांढरी रेघ असेल तर ती त्याची जन्मखूण समजा आणि ती छायाचित्रात येईल असे पाहा, म्हणजे परत करताना खडा तोच आहे याविषयी कोणाच्या मनात किंतू राहत नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हिरा लाभतो की नाही हे पाहण्यासाठी तो तीन रात्री उशाशी ठेवायचा, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि वापरलेला हिरा तर दुसऱ्याचे भोग घेऊन येतो असेही घरातली वडील मंडळी म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण ही समजूत तुमच्या उपयोगाची आहे: तीन दिवस मागितले तर काकूंना त्यात अविश्वास दिसणार नाही, आणि तीन दिवसांत तपासणी होऊन जाते. सासरच्या मंडळींचा वापरलेल्या हिऱ्याला आक्षेप असेल तर तो मात्र आधीच विचारून घ्यावा. साखरपुड्याच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही.

खड्याच्या प्रकृतीकडे पाहताना, हिरा सर्वांत कठीण असतो म्हणून तो फुटत नाही, हा समज सोडून द्या. ओट्यावर, दाराच्या कडीवर आपटून हिऱ्याचा काठ उडतो, आणि नेमका काट्याखाली झाकला गेलेला टवका विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. भिंगातून कमरेचा काठ सगळीकडून फिरवून पाहा. काट्याला टेकून आत जाणारी पिसासारखी भेग दिसली तर तो खडा सोडून द्या, कारण माप बदलताना किंवा काटा वळवताना ती वाढू शकते. खडा हळूच हलवताना त्याच्या भेगेत निळी-नारिंगी झाक चमकून गेली, तर भेग काचेने भरलेली असण्याची शक्यता असते. असा खडा कारागिराच्या ज्योतीखाली गेला की भरण बाहेर येते आणि भेग उघडी पडते. तंगीच्या सौद्यात हा खडा कोणत्याही भावाला नको. काटे झिजून बोथट झाले असतील तर त्याने घाबरू नये. ते पुन्हा भरता येतात आणि तो खर्च बोलणीत वजा मागता येतो.

हा सौदा जमला नाही, तर दुसरीकडे काय शोधावे? पैसे मर्यादित असताना मी पैलूंना पहिला मान देतो. चांगले पैलू पाडलेला आय किंवा जे रंगाचा खडा (रंगहीन हिऱ्याला डी म्हणतात आणि पुढच्या अक्षरांबरोबर पिवळटपणा वाढत जातो), पिवळ्या सोन्यात बसवला की त्याची पिवळसर झाक सोन्यात विरून जाते, आणि त्याच पैशांत डी-ई रंगाचा, पण खोल आणि मंद खडा घेण्यापेक्षा तो हातावर कितीतरी उजळ दिसतो. शुद्धतेत एसआय-वन, म्हणजे भिंगाखाली दिसणारे बारीक डाग असलेली श्रेणी, पुरे. एसआय-टूही चालेल, जर डाग काठाकडे असेल आणि काळा नसेल. अतिनील किरणांखाली निळा उजळणारा खडा बाजारात थोडा स्वस्त मिळतो. आय-जे-के रंगात ती निळी झाक पिवळटपणा किंचित लपवते, तेव्हा हा दोष तुमच्या पथ्यावर पडतो. वजनात पायरीच्या एक-दोन सेंट खालचा खडा पाहा. अठ्ठावीस आणि तीस सेंटमधला फरक व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच असतो. भावात मात्र तो जाणवतो.

प्रमाणपत्र असलेला खडा मिळाल्यास त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून पाहावे, आणि तेवढ्यावर थांबू नये. खऱ्या नैसर्गिक हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक यंत्रात बनवलेल्या खड्याच्या काठावर कोरल्याची उदाहरणे प्रयोगशाळांनीच उघड केली आहेत. अहवालात लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेली असते. ती कोणत्याही चांगल्या मूल्यांककाकडून जुळवून घ्यावी, कारण दोन खडे इतके तंतोतंत सारखे निघणे अवघड. दुकानदाराच्या स्वतःच्या लेटरहेडवरचे ‘व्हीव्हीएस’ (जवळजवळ निर्दोष) आणि विम्यासाठी फुगवून लिहिलेली किंमत, या दोन्हींना मी भाव ठरवताना जमेस धरत नाही. अंगठीवरचा बीआयएस हॉलमार्कही फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. काकूंच्या अंगठीवर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कबरोबरचा प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळखक्रमांक, नसेल, ते साहजिक आहे. ती पद्धत २०२१ साली सुरू झाली.

प्रयोगशाळेतला नवा हिरा घ्यावा का, असेही मनात येईल. केवळ झगमगाट हवा असेल तर घ्यावा. तीस सेंटचा नवा खडा काही हजारांत प्रमाणपत्रासह मिळतो आणि तो वापरलेल्या नैसर्गिक खड्याहून शुद्धही असेल. फक्त तो खर्च समजावा, ठेव नव्हे. वापरलेला प्रयोगशाळेतला हिरा मात्र विकत घेण्यात मला कोणताच फायदा दिसत नाही, कारण नव्याचा भावच सतत उतरत आला आहे.

सौदा ठरला तर कागद करायला ओळख आड येऊ देऊ नका. काकूंची मूळ पावती त्यांच्याकडून घ्या, विक्रीच्या चिठ्ठीवर वर्णन, वजन, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असू द्या, आणि पैसे बँकेतून द्या. घरगुती माणसाने स्वतःचा दागिना विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही. दुकानातून घेतला तर लागतो, तेव्हा तिथला भाव कर धरून विचारावा. अनोळखी माणसाकडे मूळ पावती नसेल आणि तो ओळखपत्र दाखवायला कचरत असेल तर भाव कितीही चांगला असला तरी उठून यावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि चोरीचा निघालेला दागिना जप्त होतो तेव्हा तुमचे पैसे परत मिळवून देणारे कोणी नसते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती आजच पाहा. काकूंच्या आणि तुमच्या होणाऱ्या पत्नीच्या बोटाच्या मापात किती फरक आहे? साधी अंगठी कापून दोन-तीन मापांनी लहानमोठी करता येते. खांद्यांवर आठ खडे जडलेल्या अंगठीचे वळण बदलले की त्या खड्यांची बैठक ताणली जाते आणि महिन्याभरात एखादा गळतो. फरक दोन मापांपेक्षा जास्त असेल तर मधला खडा आणि सोने वापरून नवी साधी घडण करून घेणे बरे, पण मग आठ बारीक खड्यांचे दोन हजार माझ्या हिशेबातून वगळा आणि घडणावळ त्यात मिळवा. लग्नसराईत कारागिरांचे हात रिकामे नसतात, म्हणून कॅलिपरने मोजायला जाल तेव्हाच तिच्या बोटाचे माप बरोबर घेऊन जा.